त्रेसष्ट घरांचं बोलावणं

हालधीबारी, माजुली
मंगळवार, १२ फेब्रुवारी

ति. बाइदेउस,
पोनाचा सा. न. वि. वि.

आधी कान धरतो. देउतांना घेऊन निघताना थोरली बहीण म्हणून तू बजावलं होतंस की आठवड्याला एक पत्र आलंच पाहिजे, आणि दुसरा आठवडा लागला तरी हा माझा पहिलाच कागद. तीनदा बसलो होतो लिहायला. एकदा पेन चालेना म्हणून दुकानात गेलो तर तिथे कॅरम रंगला होता. एकदा गाय सुटली. तिसऱ्यांदा कारण काहीच नव्हतं, सुचेना एवढंच. कोचीत हॉटेलात होतो, दिमापूरला ट्रकवर होतो, तेव्हा मनात येईल ते तुला खरडायचो, त्यात अर्ध्या थापा असायच्या. आता तू हे देउतांना वाचून दाखवणार म्हटल्यावर हात अडखळतो. नववीत बसलेल्याचं अक्षर आहे, सांभाळून घे.

देउतांना सांग, बोलावणं झालं. त्यांच्या गळ्यासाठी रविवारी नामघरात नाम घ्यायचं गावानं ठरवलं, आणि बोलावणारा माणूस म्हणजे आपला बापच गुवाहाटीला, म्हणून बोलावण्याची पिशवी माझ्या गळ्यात पडली. लहानपणी पोरं मला चिडवायची, तुझा बाप दारोदार हात जोडत फिरतो म्हणून. मलाही वाटायचं, ह्यात काय आहे? दारात उभं राहायचं, कच्ची सुपारी नि पान, आपलं तामोल-पान, हातात द्यायचं, अमक्या दिवशी या म्हणायचं. आता कळलं. आपल्याकडे न बोलावता कुणी उंबऱ्याबाहेर पाऊल टाकत नाही, आणि बोलावून न आलेल्याला गाव माफ करतं, पण न बोलावलेला गावाला करत नाही. देउतांनी जाण्याआधी त्रेसष्ट घरं चालण्याच्या क्रमानं माझ्याकडून तीनदा घोकून घेतली होती. तेव्हा त्यांचा आवाज जरा तरी फुटत होता.

तुला शब्द दिलाय की तोंडात तामोल टाकणार नाही. पण प्रत्येक दारात पानसुपारी मांडलेला पितळी बटा पुढे येतो, त्याचं काय करायचं? नको म्हटलं की घरधनिणीचा चेहरा पडतो. बोरा काकी तर म्हणाली, कोचीला जाऊन आलास तर आमचं तामोल कडू लागायला लागलं का रे नवाबा! मग मी युक्ती काढली. घ्यायचं, कपाळाला लावायचं, खिशात टाकायचं. संध्याकाळपर्यंत दोन्ही खिसे असे फुगले की चालताना मी रताळी चोरून पळतोय असं वाटावं. घरी येऊन ढीग ओतला आणि बघत बसलो. देउतांनी एकतीस वर्षं हे सगळं खिशात न टाकता गालात टाकलं, बाइदेउ. नको म्हणणं त्यांना कधी जमलंच नाही.

बांधाच्या बाजूला गेलो तेव्हा एक गंमत झाली. पद्मेश्वरी जेठाईच्या घराकडे पाय आपोआप वळले आणि पुढे बघतो तर पाणी. गेल्या पावसाळ्यात तिचं घर नदीनं नेलं हे मला ठाऊक आहे की, पण पायांना ठाऊक नव्हतं. तिथे दोघेजण मोठं जाळं ओढत होते, त्यांना हात पुरत नव्हते, म्हणून मी पिशवी ठेवून पाण्यात उतरलो. चितल मासा निघाला, माझ्या हाताएवढा! तेवढ्यात ऊन कललं. राहिलेली घरं मी पळत पळत उरकली. शेवटी पिशवीत एक तामोल-पान उरलं. मीच मोजून त्रेसष्ट घेतली होती, म्हणजे मोजतानाच चुकलो असणार. ते गायीपुढे टाकलं, तिनंही नाक मुरडलं.

रविवारी नामघर भरलं होतं. म्हाताऱ्यांच्या टाळ्या बसेनात, कारण ताल धरायला देउता नव्हते. भिजवलेले मूग आणि आल्याचा प्रसाद मी सगळ्यांना वाटला आणि तुमच्या वाटचा मीच खाल्ला.

देउतांना पायांना हात लावून नमस्कार. तुझी माया आहे तशीच, शिव्यांसकट, असू दे.

तुझा,
पोना

•

गुवाहाटी
रविवार, १७ फेब्रुवारी

चि. पोना यास,
अनेक आशीर्वाद. तुझं पत्र पोचलं. तीनदा वाचून दाखवलं, चौथ्यांदा देउतांनी माझ्या हातातून घेऊन स्वतः वाचलं. रताळ्यांपाशी हसले आणि हसताना दुखलं म्हणून माझ्याकडेच रागानं पाहिलं, जणू मीच फुगवले होते तुझे खिसे.

घाटावरच्या फोनवरून फोन करू नकोस. तुझा आवाज ऐकला की ते बोलायला बघतात आणि घसा आणखी सोलतो. त्यांना मी पाटी-पेन्सिल आणून दिली आहे. माझ्या लेकीची, माजनीची जुनी पाटी, तिच्या चौकटीवर अजून फुलपाखरू चिकटवलेलं आहे.

आता सगळं नीट सांगते, कारण तू गावात विचारणाऱ्यांना काहीबाही सांगत सुटशील. गाठ जिभेच्या मुळाशी आहे आणि मानेत तिची दोन पिल्लं. पुढे कुठे गेलेली नाही. कापायचं म्हटलं असतं तर आवाजाची पेटीही गेली असती, म्हणून किरणांचा शेक आणि किमो दोन्ही एकदम चालू केलं आहे. शेक पस्तीस. सोमवार ते शुक्रवार रोज सकाळी आठला, शनिवार-रविवार मशीन बंद. दहा झाले. शेकाच्या वेळी डोक्यावर जाळीचा मुखवटा बसवून तो टेबलाला खटाखट अडकवतात, म्हणजे मान हलायला नको. पहिल्या दिवशी देउतांनी बाहेर येऊन पाटीवर मासे धरायच्या टोपलीचं चित्र काढलं आणि आत एक मासा काढला, मिशीवाला.

दर बुधवारी किमोचं सलाईन, आणि त्याच्याआधी तासभर एक तिसरं औषध. ते काय, हे मी डॉक्टरबाईंना विचारलं. सिलचरकडच्या आहेत, आपलं बोलणं जरा वळवून बोलतात, पण समजावून सांगतात. त्या म्हणाल्या, शेक गाठ जाळतो आणि किमो त्या शेकाचं बळ वाढवतं. पण गाठीतल्या पेशींना सारखी हाक येत असते, वाढा, वाढा अशी. ती हाक घ्यायला त्यांच्या अंगावर कानांसारखं काही असतं. देउतांच्या गाठीवर असे कान फार आहेत. तिसरं औषध बाकी कुठे भटकत नाही, नेमकं त्या कानांत जाऊन बसतं. हाक येतच राहते, पण घरात कुणाला ऐकू जात नाही. देउतांनी ताबडतोब पाटी मागितली आणि लिहिलं, एकतीस वर्षं मी केलं त्याच्या नेमकं उलट! बाई इतक्या हसल्या की सिस्टर बघायला आली.

मग मीच विचारलं, तिन्ही मिळून जाईल ना. त्या लगेच हो म्हणाल्या नाहीत. म्हणाल्या, तिसऱ्याचा काहींना फायदा होतो, काहींना फारसा नाही, आणि कुणाला ते आधी कळत नाही. आम्हाला आशा वाटते म्हणून देतोय. पण एक गोष्ट पक्की, पस्तीस म्हणजे पस्तीस. मध्ये खंड पडला की उरलेल्या पेशी दुप्पट जोमानं उठतात आणि आधीचं सगळं मातीत जातं. हे तू लक्षात ठेव, आणि देउतांना घरची ओढ लागेल असं काही लिहू नकोस.

त्या औषधानं चेहऱ्यावर पुळ्या उठल्या आहेत, कॉलेजातल्या पोरासारख्या. आरशात बघून देउतांनी लिहिलं की आता लग्नाची बोलणी करायला हरकत नाही.

आता ते रोज एक खेळ करतात. एकेका घराचं नाव पाटीवर लिहितात आणि मी सांगायचं की त्या घरचं कोण आलं होतं नामघरात. तू लिहिलं नाहीस, म्हणून मी ठोकून देते. पण पद्मेश्वरी जेठाईचं नाव त्यांनी दोनदा लिहिलं. घर गेल्यापासून ती कुणात मिसळत नाही, म्हणून ती नामघरात आली का, कुठे बसली, हे त्यांना हवंय. ती आली होती ना रे? तेवढं लिही.

भात वेळेवर खा. नदीत उतरू नकोस. माझा जीव तुझ्यापाशी अर्धा राहिलाय हे विसरू नकोस.

तुझी,
बाइदेउ

•

हालधीबारी
गुरुवार, २१ फेब्रुवारी

ति. बाइदेउस,
पोनाचा सा. न. वि. वि.

हा पहिला कागद देउतांसाठी, मोठ्यानं वाच.

देउता, सगळं ठीक आहे. गाय दूध देते आणि लाथाही देते. तुमच्या पानवेलीला मी रोज पाणी घालतो. सुपारीच्या झाडावर चढून पाहिलं, उतरताना लुंगी वरच राहिली, ती अजून तिथेच फडकतेय आणि लोक विचारतात कोणत्या पक्षाचा झेंडा. गावानं असं ठरवलंय की एकवीस मार्चला, शुक्रवारी, तुमचा पस्तिसावा शेक ज्या दिवशी संपेल त्या दिवशी पुन्हा नाम घ्यायचं. ह्या वेळी सगळं जोरात. म्हणून तुम्ही तिकडे मोजा, आम्ही इकडे मोजतो. आज चौदा ना?

तिसऱ्या औषधाचं मी दुकानात समजावून सांगितलं. म्हातारा कमल सैकिया म्हणाला, कान बंद करायचं औषध असतं हे चाळीस वर्षांपूर्वी कळलं असतं तर त्यानं लग्नाच्या दिवशीच घेतलं असतं. त्याची बायको मागेच उभी होती. पुढचं लिहीत नाही.

देउतांना नमस्कार.

पोना

(दुसरा कागद. बाइदेउ, हा वाचून दाखवू नकोस. हात जोडतो.)

ती आली नव्हती. तिला बोलावणंच गेलं नाही.

ते उरलेलं तामोल-पान तिचं होतं. त्या दिवशी जुन्या जागेवर नदी बघितली, मग जाळं, मग मासा, मग मी पळत सुटलो आणि देउता गुवाहाटीला गेल्यावर बांधापलीकडे तिनं नवं खोपट घातलंय तिकडे वळायचं राहूनच गेलं. नामघरात मला तिची जागा रिकामी दिसलीसुद्धा, पण वाटलं म्हातारी आहे, थंडी आहे. तुझं पत्र वाचलं आणि तसाच तिच्याकडे गेलो. ती सूप घेऊन तांदूळ निवडत होती. मान वर न करता म्हणाली, घर नेलं नदीनं, गाव नेलं तुझ्यासारख्या पोरानं. आणि म्हणाली, त्या रविवारी नामघरातल्या नगाऱ्याचे टोले ऐकू आले तेव्हा ती एकटीच अंगणात बसून नाम म्हणत होती, दंडेश्वरसाठी, म्हणजे आपल्या देउतांसाठी. बोलावलं नव्हतं म्हणून आली नाही, पण म्हणायचं चुकवलं नाही.

मी कुठे कुठे राहिलो, किती ठिकाणी चुका केल्या, बॅग उचलली की संपायचं सगळं. इथे बॅग उचलून जायला जागा नाही. मी निस्तरतो. देउतांना मात्र कळू देऊ नकोस.

तुझा नालायक,
पोना

•

गुवाहाटी
बुधवार, २७ फेब्रुवारी

चि. पोना यास,
आशीर्वाद. हे पत्र बसच्या कंडक्टरकडे देते आहे, म्हणजे परवा तुला घाटावर मिळेल.

चूक तुझी होती, आता माझीही. तुझा दुसरा कागद मी पर्समध्ये ठेवला होता. सोमवारी मी खाली नळीतून द्यायचं दूध आणायला गेले. बोलता येत नाही, गिळता येत नाही, असा माणूस दिवसभर करणार काय? जुनी पत्रं शोधून वाचणार. मी वर आले तेव्हा तो कागद त्यांच्या छातीवर होता आणि ते छताकडे बघत होते.

सोमवारी पाटीला हात लावला नाही. काल एकच शब्द लिहिला, घरी. मी पुसला, त्यांनी पुन्हा लिहिला. आज सकाळी मुखवटा बघून मागे फिरले. बाहेर रांग थांबलेली, तंत्रज्ञ बिचारा घड्याळ बघत होता. मी हातापाया पडले, तेव्हा कसेबसे आडवे झाले. अठरावा झाला. पण नंतरचं सलाईन चालू असताना पाटीवर लिहिलं की एक घर वगळून घेतलेलं नाम लागत नाही, आणि हा सगळा शेक फुकट आहे. एकतीस वर्षांत त्यांच्या हातून एक घर सुटलेलं नाही, पोना. पुरात केळीच्या तराफ्यावरून बोलावणं केलंय त्यांनी.

डॉक्टरबाई स्टूल ओढून जवळ बसल्या. म्हणाल्या, आजोबा, गाठ निम्म्यानं बसली आहे, मी स्वतः बघितली, पण आत्ता सोडलंत तर महिन्यात होती त्याहून मोठी होईल आणि मग माझ्याकडे ह्याच्याइतकं चांगलं दुसरं काही नाही. त्यांनी ऐकून घेतलं. मग पाटी पालथी करून ठेवली. तोंडाची आतून साल निघाली आहे, मान भाजल्यासारखी काळी पडली आहे. अशा माणसावर रागावता येत नाही, म्हणून सगळा राग तुझ्यावर काढते आहे. गाढवा, मासाच बघायचा होता तर बोलावणं उरकून बघायचास!

पण तुला खोटं बोलता आलं असतं आणि तू बोलला नाहीस, हे मी पाहिलं. कोचीहून येणाऱ्या पत्रांतला पोना तो नव्हे.

आता एकच कर. जेठाईची समजूत घाल आणि तिच्याकडून दोन ओळी लिहून आण की तिच्या मनात काही नाही. तेवढं दिसलं तर ते पुढचे शेक घेतील. शुक्रवारी विसावा झाला की मी दोन दिवस नगावला घरी जाऊन येते. माजनीची परीक्षा आहे आणि इतकी वर्षं माझ्याशी संसार करून तुझ्या भिनदेउंना भाताचं पाणी किती ठेवायचं हेही ठाऊक नाही. रविवारी संध्याकाळी परत. धुबडीचे रुस्तम चाचा शेजारच्या खोलीत आहेत, त्यांचाही गळाच. नळीतून दूध द्यायचं ते माझ्याहून नीट देतात. ते देउतांवर नजर ठेवतील.

तुझ्यावर चिडले तरी तुझीच,
बाइदेउ

•

हालधीबारी
शनिवार, १ मार्च

ति. बाइदेउस,
पोनाचा सा. न. वि. वि.

ह्या वेळी मी काही लांबणीवर टाकलेलं नाही. तुझं पत्र काल घाटावर मिळालं, तिथूनच थेट जेठाईकडे गेलो. मागचं पत्र लिहिल्यानंतरही दोनदा गेलो होतो. पहिल्यांदा तिनं दारच लावून घेतलं. दुसऱ्यांदा चहा दिला, तांदळाचा, तीळ भरलेला पिठा दिला, दोन पिठे खाल्ल्यावर तिसरा दिला, पण मी तामोल-पानाचा बटा पुढे ठेवला त्याकडे बघितलंसुद्धा नाही. काल मी तुझ्या पत्रातलं सगळं तिला सांगितलं, मुखवटा, साल, पाटीवरचं घरी. तिनं सूप खाली ठेवलं. डोळे पुसले. पण दोन ओळी लिहून द्यायला तयार नाही. म्हणाली, कागदावर बोलावणं होत नाही तशी कागदावर समजूतही होत नाही. म्हणाली, तुझ्यावर माझा राग नाही रे, तू वारा आहेस, वाऱ्यावर कोण रागावतं. पण माझं नवं फाटक गावच्या बोलावणाऱ्यानं अजून पाहिलेलं नाही. त्यानं बरं व्हावं आणि यावं. तोवर मी बाहेरचीच.

मी म्हणालो, तुम्ही असं म्हणालात तर ते बरेच होणार नाहीत. तर म्हणाली, मग त्याला कळायला हवं की त्यानं बरं व्हावं म्हणून इथे कुणीतरी अडून बसलंय. आणि मी निघालो तेव्हा मागून ओरडून विचारलं, आज कितवा? विसावा, म्हटलं. दर खेपेला विचारते ती, बाइदेउ. त्या दिवशी दाराआडूनही विचारलं होतं.

म्हणजे तुझं काम झालं नाही. सकाळपासून विचार करतोय की काय लिहू. तिच्या नावानं दोन ओळी मीच लिहाव्यात असंही मनात आलं, हात चांगला चालतो माझा थापांत. पण देउता अक्षर ओळखतील आणि शिवाय...

बाइदेउ, पेन टेबलावर सोडून बाहेर गेलो होतो, आता परत आलोय, घाईत लिहितोय म्हणून अक्षर असं. देउता आलेत. इथे, अंगणात. एकटे. रात्रीच्या बसनं आणि सकाळच्या फेरीबोटीनं. नाकात नळी, ती पट्टीनं गालाला चिकटवलेली, गळ्याभोवती गामोसा, चेहऱ्यावर त्या पुळ्या, अंगात आता नुसती हाडं. फेरीत कुणीतरी त्यांना बसायला पेटी दिली म्हणे. पिशवीत दुधाच्या पावडरीचा डबा आहे, मोठी सिरिंज आहे आणि किती वाजता किती द्यायचं त्याचा रुस्तम चाचांनी लिहिलेला कागद आहे, म्हणजे नजर ठेवणाऱ्यानंच ह्यांना बसमध्ये बसवून दिलं. त्यांना रागावू नकोस.

मला वाटलं, संपलं. सोडून आले. पाय धरले आणि रडायला लागलो. त्यांनी माझ्या डोक्यावर टपली मारली, पाटी काढली, लिहिलं, सोमवार आठ. त्याखाली, उद्याची फेरी. मग माझ्या बट्यातली पानं उलटीपालटी करून बघितली, दोन फेकून दिली, वेलीवरची दुसरी दोन खुडली, आणि पाटी पुसून पुन्हा लिहिलं, बोलावणं, शुक्रवार एकवीस.

एकवीसचं, बाइदेउ! पंधरा उरलेले मोजून आलाय माणूस.

मी घाटावरून भिनदेउंना फोन करतोच आहे, तू घाबरू नकोस. उद्याच्या फेरीनं मी त्यांना घेऊन निघतो आणि सोमवारी आठच्या आत मुखवट्यापाशी उभं करतो. हे पत्र टपालात पडणार नाही, माझ्याच खिशातून तुझ्या हातात येईल, तेव्हा वाचून झाल्यावर जेवढं मारायचं तेवढं मार.

आता थांबतो. ते फाटकाबाहेर पडलेसुद्धा, काठी टेकत बांधाकडे निघालेत, आणि जेठाईचं नवं घर कुठे आहे हे त्यांना माहीत नाही. ते फक्त मला माहीत आहे.

तुझ्या मायेतला,
पोना